संपादक बदलतो तेव्हा : वृत्तपत्रांच्या इतिहासातील काही धडे

आमचे गाव लाटंबार्से. गोव्याच्या डिचोली तालुक्यातील हे सीमेवरचे गाव. येथून थोडे पुढे गेले की महाराष्ट्राचा दोडामार्ग लागतो. माझ्या लहानपणी वर्तमानपत्र गावात बसने येई आणि पसऱ्यावर उतरे. एकच अंक दहाबारा घरांत फिरे. माझे काका तो पहिल्या पानापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचीत. शेवटची ओळ म्हणजे तळाला बारीक टाइपात छापलेली मुद्रक, प्रकाशक व संपादक यांच्या नावांची ओळ. एके दिवशी ती वाचून ते थबकले आणि म्हणाले, “आरे, हांगा नांव दुसरेंच मरे!” संपादकाचे नाव बदलले होते. अंकात त्याविषयी एक अक्षरही नव्हते. काल ज्यांचा अग्रलेख वाचून पडवीत वाद रंगला होता, ते गृहस्थ आज कोठे गेले, का गेले, त्यांना जावे लागले की ते स्वतः गेले, हे कोणालाच कळले नाही. पुढे आठ दिवस पडवीवर तर्कवितर्क चालले. ते पत्र कोणते, हे येथे सांगण्याचे कारण नाही. असे अनेक पत्रांत घडले आहे.

त्या प्रसंगाने माझ्या मनात जो प्रश्न निर्माण केला, त्याचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. वृत्तपत्राचा प्रमुख एकाएकी बदलला म्हणजे पत्राचे काय होते? काही पत्रे अशा धक्क्यानंतर टिकतात, काही मिटतात, काहींचे नाव तेच राहून आतला जीव बदलतो. हे कशावर अवलंबून असते?

तीन माणसे, तीन जबाबदाऱ्या

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मालक, मुद्रक-प्रकाशक आणि संपादक ही तीन निरनिराळी पदे आहेत. कधी ती एकाच माणसात एकवटतात, कधी तीन दिशांना असतात. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने मुद्रक व प्रकाशक यांना दंडाधिकाऱ्यासमोर प्रतिज्ञापन करावे लागे. संपादकाचे नाव प्रत्येक अंकावर छापण्याचे बंधन १९२२ च्या दुरुस्तीने आले. १ मार्च २०२४ पासून जुन्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. आपण विद्यार्थी ज्या ओळीकडे ढुंकूनही पाहत नाही, तिच्यामागे एवढा इतिहास आहे. काकांनी ती वाचली म्हणून त्यांना बदल कळला. इतरांना तो कळलाच नसता.

संपादक एकाएकी बदलण्याची कारणे ढोबळपणे तीन : सहकाऱ्यांतील मतभेद, सरकारचा घाला, आणि मृत्यू किंवा मालकीतील फेरबदल. तिन्ही प्रकारांची उदाहरणे आपल्या भाषेच्या इतिहासात आहेत. आणि पहिल्या दोहोंची उत्तम उदाहरणे ‘केसरी’ या एकाच पत्रात सापडतात.

१८८७ : मतभेद

‘केसरी’चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ रोजी पुण्यात निघाला. मराठी ‘केसरी’चे संपादक गोपाळ गणेश आगरकर होते, तर इंग्रजी ‘मराठा’ बाळ गंगाधर टिळकांकडे होता. अनेकांच्या मनात आरंभापासून टिळकच ‘केसरी’चे संपादक असतात, पण वस्तुस्थिती तशी नाही. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात दोघांनाही चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस एकत्र काढले. त्याच वर्षी १७ मार्चला विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे निधन झाले होते. म्हणजे पत्र दोन वर्षांचे होण्याच्या आतच त्याचा एक आधारस्तंभ गेला आणि दोन तुरुंगात गेले. तरी पत्र चालू राहिले, कारण ते एका माणसाचे नसून एका मंडळीचे होते.

पण मंडळीचे पत्र असण्यात एक अडचणही असते. धोरण सर्वांच्या विचाराने ठरवावयाचे, तर संपादकाच्या स्वतःच्या मताचे काय? आगरकरांना सामाजिक सुधारणेचा प्रश्न तातडीचा वाटे. सहकाऱ्यांपैकी बहुतेकांना तो त्या स्वरूपात ‘केसरी’तून मांडला जाऊ नये असे वाटे. लेखणी हातात आणि मत दुसऱ्यांचे, ही स्थिती आगरकरांसारख्या माणसाला फार काळ सोसणे शक्य नव्हते. ऑक्टोबर १८८७ मध्ये त्यांनी संपादकपद सोडले आणि ते टिळकांकडे आले. पत्रांची मालकी व त्यांवरील कर्ज यांचा भार प्रथम टिळक व वासुदेवराव केळकर यांनी उचलला. १८९१ मध्ये दोन्ही पत्रे केवळ टिळकांकडे आली.

आगरकर मात्र गप्प बसले नाहीत. १८८८ च्या दसऱ्याला त्यांनी ‘सुधारक’ काढला आणि त्याच्या इंग्रजी भागासाठी गोपाळ कृष्ण गोखले यांचे साहाय्य घेतले. माझ्या मते हा संपादकबदल महाराष्ट्राला एका दृष्टीने लाभदायकच ठरला. एका पत्रात दोन परस्परविरोधी मते कोंडून ठेवण्याऐवजी वाचकांसमोर दोन पत्रे उभी राहिली. दोन्हींची मते जाहीर होती. कोण काय म्हणतो आणि का म्हणतो, हे वाचकाला ठाऊक होते. वैयक्तिक मैत्रीला यात मोठी इजा पोहोचली, हे खरेच. पण वाचकाची फसवणूक झाली नाही. मतभेदातून होणाऱ्या बदलाचा यापेक्षा प्रामाणिक निकाल मला तरी दिसत नाही.

१८९७ आणि १९०८ : सरकारचा घाला

दुसरा प्रकार याहून कठोर. २७ जुलै १८९७ रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली आणि १४ सप्टेंबरला राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पत्राचा मालक, संपादक आणि सर्वांत मोठा लेखक एकाच वेळी उचलला गेला. ‘केसरी’च्या खुर्चीवर बसले नरसिंह चिंतामण केळकर. त्यांचे वय होते पंचवीस. ते साताऱ्याहून वर्षभरापूर्वीच, १८९६ मध्ये, टिळकांच्या साहाय्यासाठी पुण्यास आले होते. हे वर्षभराचे शिक्षण कामी आले. टिळक ६ सप्टेंबर १८९८ रोजी सुटले. पण त्यांनी खुर्ची लगेच परत घेतली नाही. ४ जुलै १८९९ रोजी ‘पुनश्च हरिः ॐ’ या मथळ्याच्या अग्रलेखाने त्यांनी पुन्हा आरंभ केला. येथे वाचकांनी मथळ्याकडे लक्ष द्यावे. संपादक परत आला, हे वाचकाला उघडपणे आणि पहिल्याच शब्दात सांगितले गेले. माझ्या काकांना जे मिळाले नाही, ते त्या काळच्या ‘केसरी’च्या वाचकाला मिळाले होते.

१९०८ चा प्रसंग अधिक मोठा. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या अग्रलेखांबद्दल २४ जूनला टिळकांना अटक झाली. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा ठोठावली गेली आणि ते मंडालेला गेले. एक वर्ष पत्र चालवणे वेगळे, सहा वर्षे चालवणे वेगळे. प्रथम कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी आणि १९१० पासून केळकरांनी ती धुरा वाहिली. त्या खटल्यावरील लिखाणामुळे केळकरांना स्वतःलाही न्यायालयाच्या बेअदबीबद्दल शिक्षा भोगावी लागली. १९१० मध्ये छापखान्यांवर जामीन लादणारा कायदा आला. केळकरांची लेखणी सौम्य, सावध आणि समतोल होती. टिळकांच्या भाषेची सवय झालेल्या अनेकांना ती मवाळ वाटली. पण १९१४ च्या जूनमध्ये टिळक परतले, तेव्हा त्यांना परतण्यासाठी ‘केसरी’ शिल्लक होता. सांभाळणारा संपादक आणि झुंजणारा संपादक ही दोन वेगळी माणसे असतात, आणि पत्राला दोघांचीही गरज पडते, हे या सहा वर्षांनी दाखवून दिले.

येथे एक इशारा दिला पाहिजे. आत दुसरी फळी तयार असली की पत्र हमखास जगते, असा नियम मात्र काढता येणार नाही. शिवराम महादेव परांजपे यांचा ‘काळ’ १८९८ साली निघाला. १९०८ मध्ये परांजप्यांनाही एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली आणि १९१० मध्ये जामिनाच्या कायद्यापुढे ‘काळ’ थांबला. मुंबईच्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे उदाहरण यांच्या मधले आहे. फिरोजशहा मेहतांनी १९१३ मध्ये काढलेल्या या पत्राचे संपादक बी. जी. हॉर्निमन यांना एप्रिल १९१९ मध्ये सरकारने पकडून थेट इंग्लंडला रवाना केले. काही काळ पत्र बंद ठेवावे लागले. पण १९२० मध्ये मार्माड्यूक पिक्थॉल आणि १९२४ मध्ये सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी संपादक झाले आणि पत्राचा राष्ट्रीय बाणा कायम राहिला. संपादकाला बोटीवर चढवता आले, पण धोरणाला चढवता आले नाही.

मृत्यू आणि मालकी

तिसरा प्रकार मृत्यूचा आणि मालकीचा. लंडनच्या ‘टाइम्स’चे नामांकित संपादक टॉमस बार्न्स १८४१ मध्ये वारले आणि त्यांच्या जागी जॉन डिलेन नावाचा तेवीस वर्षांचा तरुण नेमला गेला. त्याने १८७७ पर्यंत ते पद सांभाळले. आपल्याकडे १ जानेवारी १९३२ रोजी ‘सकाळ’ सुरू करणारे नानासाहेब परुळेकर ८ जानेवारी १९७३ रोजी गेले. ‘सकाळ’ म्हणजे परुळेकर असे समीकरण चाळीस वर्षे रुजलेले होते, तरी श्री. ग. मुणगेकरांच्या संपादकत्वाखाली पत्र चालत राहिले, कारण बातमी गोळा करण्याची आणि वाचकाशी वागण्याची एक रीत परुळेकरांनी कचेरीत घालून दिली होती. १९८५ मध्ये त्या पत्राची मालकी बदलली, तेव्हा मात्र वेगळ्या प्रकारचे स्थित्यंतर झाले. संपादक गेला तर रीत राहू शकते. मालक बदलला तर रीतही नव्याने ठरते.

याउलट, एका माणसाबरोबर संपणारी पत्रेही असतात. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघाले आणि १८४० मध्ये थांबले. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना ‘मंगळूर समाचार’ आठवेल. हेर्मान मोगलिंग यांनी ते जुलै १८४३ मध्ये काढले. पुढे बळ्ळारीला ‘कन्नड समाचार’ या नावाने छापले गेले आणि लवकरच बंद पडले. आपापल्या भाषेतील पहिलेपणाचा मान या दोन्ही पत्रांना आहे, पण मागे उभी राहणारी कचेरी त्या काळात तयार होणेच कठीण होते. त्यांना दोष देण्याचे कारण नाही.

गोव्याकडे

आता माझ्या प्रांताकडे वळतो. पोर्तुगीज अमलात केप्यासारख्या ठिकाणाहून ‘भारत’ पत्र चालवणारे गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांच्यासारखे संपादक खटल्यांना तोंड देत लिहीत राहिले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि २४ मार्च १९६२ रोजी पणजीत ‘गोमन्तक’ दैनिक सुरू झाले. पहिले संपादक बा. द. सातोस्कर. मागोमाग मडगावहून ‘राष्ट्रमत’ आले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात ‘गोमन्तक’ महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने आणि ‘राष्ट्रमत’ त्याच्या विरोधात, अशी दोन मराठी दैनिके एकमेकांसमोर उभी होती. विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. त्याच १९६७ साली माधव गडकरी ‘गोमन्तक’चे संपादक झाले. कौल आणि हा बदल यांत कार्यकारणसंबंध आहे, असे मला म्हणावयाचे नाही. पण ज्या घरात फूल आणि दोन पाने यांवरून बापलेकांत अबोला धरला गेला, त्या घरातील वाचकाच्या दृष्टीने संपादकाचे नाव ही किरकोळ गोष्ट नव्हती.

गोव्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ‘गोमन्तक’ चौगुले यांनी काढला. ‘नवहिंद टाइम्स’ १९६३ मध्ये व ‘नवप्रभा’ १९७० मध्ये धेंपे यांनी. ही खाणव्यवसायातील घराणी. आमच्या डिचोली तालुक्यातील वाचकाला दिवसा रस्त्यावर खनिजाचे ट्रक दिसत आणि सकाळी हातात त्याच व्यवसायाच्या पैशावर उभे राहिलेले पत्र असे. यात लबाडी आहे असा माझा आरोप नाही. भांडवलाशिवाय दैनिक निघत नाही, आणि या पत्रांनी मराठी वाचक घडवला हे उपकार मोठे आहेत. परंतु १८८७ चा ‘केसरी’ कर्जात होता आणि त्याचे मालक स्वतः लिहिणारे होते. येथे मालक वेगळा आणि लिहिणारा वेगळा. अशा रचनेत संपादक पगारी असतो आणि त्याची खुर्ची एका पत्राने रिकामी होऊ शकते. म्हणूनच, अशा ठिकाणी बदल झाला की तो वाचकाला सांगितला जाणे अधिकच अगत्याचे ठरते.

आमचे हस्तलिखित

हे सर्व मी पुस्तके वाचून शिकलो. पण त्याआधी एकदा स्वतः चुकून शिकलो होतो. विद्यार्थिदशेत आम्ही पाचसहा मुलांनी गावात एक हस्तलिखित मासिक काढले. आमच्यातील वयाने मोठा, अक्षराने सुंदर आणि बोलण्यात चतुर असा एक जण संपादक झाला, मी उपसंपादक. लाडफे, नानोडा, कासारपाल असे फिरून आम्ही अठरा वर्गणीदार मिळवले. वर्गणी पन्नास पैसे. पहिला अंक घरोघर वाचला गेला. दुसऱ्या अंकाची तयारी चालू असताना आमच्या संपादकाला वास्कोला नोकरी लागली आणि दोन दिवसांत तो गेला. लेख त्याच्या ट्रंकेत, वर्गणीदारांची यादी त्याच्या वहीत आणि जमा पैशांचा हिशेब त्याच्या डोक्यात. आम्ही उरलेले एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. उपसंपादक हे माझे नाव कागदावरच होते. अग्रलेख कसा लिहावा, हे मी कधी विचारले नव्हते आणि त्यानेही कधी लिहू दिले नव्हते.

अंक निघाला नाही. खरी लाज पुढेच आहे. आम्ही वर्गणीदारांना काहीच सांगितले नाही. वाटेत कोणी भेटले तर मी दुसऱ्या पायवाटेने जाई. कासारपालला श्रीकालिकेच्या देवळाजवळ आमच्या प्राथमिक शाळेचे गुरुजी एकदा समोरच आले. तेही वर्गणीदार. ते म्हणाले, “मासिक बंद पडले याचे मला वाईट वाटत नाही रे. मुलांची मासिके बंद पडतातच. पण तुम्ही आम्हाला सांगितले नाही. आम्ही तुमचे कोणीच नव्हतो काय?” मला उत्तर देता आले नाही. त्या दिवशी मला काकांची पडवी आठवली. ज्या गोष्टीबद्दल आम्ही मोठ्या पत्राला दोष दिला होता, तीच आम्ही अठरा माणसांशी केली होती.

सारांश

वर दिलेल्या उदाहरणांवरून मला दोन गोष्टी ठामपणे म्हणाव्याशा वाटतात. पहिली, संपादकपद हे एकट्याचे असले तरी संपादनाचे काम एकट्याचे असू नये. केळकर साताऱ्याहून वर्षभर आधी आले नसते, तर १८९७ ची कथा निराळी झाली असती. जो प्रमुख आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्याला अग्रलेख लिहावयास देतो, तो आपल्या पत्राचे आयुष्य वाढवतो. दुसरी, बदलाचे कारण कितीही कटू असले तरी तो वाचकापासून लपवू नये. आगरकर गेले आणि त्यांनी वेगळे पत्र काढून आपले म्हणणे मांडले. टिळक परतले आणि मथळ्यातच तसे म्हणाले. वाचक मतभेद समजून घेतो, तुरुंग समजून घेतो, मृत्यूही समजून घेतो. मौनाचा अर्थ मात्र त्याला स्वतःलाच लावावा लागतो, आणि तो अर्थ बहुधा पत्राच्या बाजूचा नसतो.

विद्यार्थी मित्रांना शेवटी एक स्वाध्याय सुचवतो. ग्रंथालयातील कोणत्याही एका जुन्या दैनिकाची बांधीव फाईल घ्या. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या अंकातील शेवटची ओळ पाहा आणि संपादकाचे नाव जेथे बदलते तेथे खूण करा. मग त्या खुणेच्या आधीचे व नंतरचे दहा दहा अग्रलेख वाचा. विषय बदलले काय? कोणाविषयीची भाषा मऊ झाली, कोणाविषयीची तिखट? बदलाची नोंद पत्राने केली काय? एवढे केले तरी वृत्तपत्राचा इतिहास पाठ करण्याऐवजी तुम्ही तो स्वतः वाचलेला असेल.

आणि आपल्या महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकाचे संपादकमंडळ यंदा निवडाल, तेव्हा लेखांची फाईल आणि हिशेबाची वही दोघांच्या हाती ठेवा. संपादक तिसऱ्या वर्षाचा असेल, तर तो मार्चमध्ये जाणारच आहे. जाताना त्याने चार ओळी लिहून फळ्यावर लावाव्यात आणि नव्याने आलेल्याने त्याखाली चार ओळी लिहाव्यात. आमच्या अठरा वर्गणीदारांना मी त्या चार ओळी देऊ शकलो नाही.